विशेषणाचा पहिला धडा

नामाचा गुण दाखविणारा शब्द म्हणजे विशेषण, ही व्याख्या आपणांपैकीं बहुतेकांनीं शाळेंत पाठ केली असेल. परंतु ज्याला बोलतांच येत नव्हतें, व्याख्या सांगून ज्याला कांहींच समजणें शक्य नव्हतें, अशा एका मुलाला विशेषण कसें शिकविलें गेलें, ही हकीकत फार थोड्यांना ठाऊक असते. आज तीच श्रोत्यांपुढें ठेवीत आहें.

इ. स. १८०० च्या जानेवारींत दक्षिण फ्रान्समधील आव्हेरों प्रांतांत रानांत वाढलेला एक मुलगा लोकांच्या हातीं लागला. वय सुमारें अकरा-बारा वर्षांचें, अंगावर जखमांचे वण, तोंडांत भाषा नाहीं. त्याच वर्षीं त्याला पॅरिस येथील मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेंत आणण्यांत आलें. पिनेल या मनोविकारांच्या नामांकित वैद्यांनीं त्याला तपासलें व हा मुलगा मुळांतच मंदबुद्धि असून सुधारण्याची आशा नाहीं, असा अभिप्राय दिला. झां इतार या सव्वीस वर्षांच्या तरुण वैद्यांना तो पटला नाहीं. मनुष्याच्या सहवासावांचून याची बुद्धि निजून राहिली आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. त्यांनीं मुलाचें नांव व्हिक्टर ठेविलें आणि सुमारें पांच वर्षें त्याच्यासाठीं वेंचलीं. मनुष्याचें एक मूल टाकून द्यावयाचें कीं शिकवावयाचें, हा तो वाद होता.

व्हिक्टरला उच्चार साधेनात, म्हणून इतार यांनीं लिहिलेल्या शब्दांचा मार्ग धरला. शब्द दाखवावा आणि त्यानें ती वस्तु दुसऱ्या खोलींतून आणावी, असा अभ्यास चाले. एकदां ती खोली बंद ठेवली, तेव्हां समोरच दुसरें पुस्तक असूनहि त्याला तें ‘पुस्तक’ वाटेना. त्याच्या लेखीं तो शब्द त्या एकाच पुस्तकाचा होता. ही अडचण दूर केली, तों उलटी अडचण उभी राहिली. आतां त्याला वर्तमानपत्र, वही, कागदांचा गठ्ठा, सारें ‘पुस्तक’च दिसूं लागलें, सुरीच्या जागीं वस्तराहि चालूं लागला.

येथें विशेषणाची गरज उत्पन्न झाली. इतार यांनीं दोन पुस्तकें घेतलीं, एक मोठ्या आकाराचें आणि एक अगदीं छोटें. दोहोंना हात लावून दाखवितां व्हिक्टरनें दोन्ही वेळां एकाच शब्दावर बोट ठेवलें. मग त्याचा तळहात छोट्या पुस्तकावर पसरावयास लावला. तें बहुतेक झांकून गेलें. तोच हात मोठ्या पुस्तकावर ठेवला, तेव्हां बराच भाग उघडा राहिला. त्या उघड्या भागाकडे त्याचें लक्ष वेधलें, दोन्ही वस्तूंस एकच नांव पुरत नाहीं हें त्याच्या प्रत्ययास आणलें, आणि मग दोन चिठ्ठ्यांवर ‘पुस्तक’ या शब्दाजवळ ‘मोठें’ व ‘लहान’ या अर्थाचे शब्द लिहिले. पुढें रंग, वजन असे इतर गुणहि याच रीतीनें शिकविण्यांत आले.

व्हिक्टरला वाचा शेवटपर्यंत आली नाहीं. त्याची मायेनें शुश्रूषा करणाऱ्या गेरें बाईंच्या घरीं राहून तो १८२८ सालीं वारला. परंतु इतार यांचे श्रम वायां गेले नाहींत. त्यांचे शिष्य एदुआर सेगें यांनीं शब्द शिकविण्याच्या तीन पायऱ्या ठरविल्या: प्रथम ‘हें मोठें, हें लहान’ असें सांगावें, मग ‘मोठें दे’ म्हणून मागावें, शेवटीं ‘हें कसें आहे?’ असें विचारावें. या दोघांचे ग्रंथ मादाम मॉन्टेसोरी यांनीं स्वहस्तें इटालियनमध्यें उतरून काढले, आणि १९०७ सालीं रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तींत उघडलेल्या बालगृहांत सर्वसाधारण मुलांसाठीं ही पद्धति वापरली. खरखरीत आणि गुळगुळीत हे शब्द मुलें तेथें बोटांनीं शिकत.

आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगर येथें बालमंदिर सुरू केलें. १९२३ सालीं ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या, आणि १९४५ सालीं त्यांनीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें खेड्यांतील मुलांकरितां काम आरंभिलें. अशा रीतीनें पॅरिसचा तो धागा महाराष्ट्रांत पोंचला.

मराठींत याला आणखी एक अंग आहे. फ्रेंच किंवा इटालियन भाषेंत लिंगें दोन, आपल्याकडे तीन. मोठा डबा, मोठी वाटी, मोठें भांडें. परंतु लाल डबा, लाल वाटी, लाल भांडें. विकारी व अविकारी हा भेद तीन-चार वर्षांच्या मुलास सांगून काय उपयोग? त्याच्यापुढें दोन डबे, दोन वाट्या, दोन भांडीं ठेवावीं आणि त्यांतून एक मागावें. ‘वाटी आण’ म्हटल्यावर तें थबकेल आणि ‘कोणती?’ असें विचारील. ‘मोठी’ या शब्दाला त्या प्रश्नांत जागा तयार झालेली असते, आणि त्याचें रूपहि मूल कानानें उचलतें.

पुढें शाळेंत गुरुजी ‘विशेषण’ हा शब्द सांगतील, तेव्हां त्या मुलास नवें असें एक नांवच शिकावें लागेल. नांवामागची वस्तु त्यानें घरींच हाताळलेली असेल.