बंद शाळेचं दार

सिएटल म्हटलं की आपल्याला काय आठवतं? कॉम्प्युटरच्या मोठमोठ्या कंपन्या, बोइंगची विमानं आणि भुरभुरणारा पाऊस. ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा मुलगा, सून तिकडे असतातच. पण त्याच शहरात बीकन हिल नावाची टेकडी आहे आणि तिच्यावर १९०४ सालची एक लाकडी शाळा आहे. ही गोष्ट त्या शाळेची. खरं म्हणजे शाळा बंद पडल्यानंतर तिथं जे सुरू झालं, त्याची.

वॉशिंग्टन राज्याच्या पूर्वेला याकिमाचं खोरं आहे. सफरचंदं, हॉप्स यांची तिथली शेती मजुरांच्या हातांवर उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात माणसं कमी पडली, तेव्हा १९४२ पासून अमेरिकेनं मेक्सिकोतून कराराने मजूर आणले. पुढे टेक्सासकडून स्पॅनिश बोलणारी कुटुंबंच्या कुटुंबं येऊ लागली. पीक काढून झालं की पुढचं गाव. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या मुलांच्या शाळेचं काय होतं, हे आपण पाहतोच. तिथंही तेच होत होतं. यांतले बरेच जण नंतर सिएटलला आले. पण शहरात काम मिळवायचं तर इंग्रजी हवं, आणि तेच नेमकं येत नव्हतं.

इंग्रजी शिकवणारा मोठ्या माणसांचा एक वर्ग तिथल्या एका सार्वजनिक कॉलेजात चाले. १९७२ मध्ये त्याचा निधी बंद झाला. काळही वाईट होता. बोइंगनं हजारो माणसं कामावरून कमी केली होती आणि सगळ्या शहरावरच अवकळा आली होती. अशा वेळी परक्या भाषेच्या गरिबांचा वर्ग बंद झाला, तर त्याची दखल कोण घेणार?

त्यांच्यात रॉबेर्तो माएस्तास नावाचे एक शिक्षक होते. जन्म न्यू मेक्सिकोतला, १९३८ चा. लहानपणी शेतावर राबलेले, पुढे सिएटलच्या हायस्कुलात शिकवू लागले. बीकन हिलची ती शाळा तेव्हा रिकामीच पडून होती. ११ ऑक्टोबर १९७२ रोजी, शाळा पाहायची आहे असं सांगून या मंडळींनी दार उघडून घेतलं. आत गेले ते गेलेच. मागोमाग विद्यार्थी आले, कार्यकर्ते आले, लेकराबाळांसकट कुटुंबं आली. आता इथून हलायचं नाही, असं ठरलं.

सिएटलची थंडी, घर तापवायची सोय नाही, पाण्याचीही पंचाईत. इतिहासात अशा वेळी लिहिलं जातं ते भाषणांबद्दल, मोर्चांबद्दल. पण इतक्या माणसांनी तीन महिने एका पडक्या इमारतीत काढायचे, म्हणजे रोजचं रांधणं आलं, लहानग्यांना उबेत निजवणं आलं, झाडलोट आली, आणि एवढं सगळं सांभाळून वर्गही चालवणं आलं. घर चालवणाऱ्या बाईला कळतं, की ठाण मांडणं एका दिवसाचं असतं, नेटानं टिकून राहणं रोजचं असतं.

बाहेर अर्ज-विनंत्या, मोर्चे चालूच होते. महापालिकेच्या दारातही धरणं धरलं, काही जणांना अटकही झाली. शेवटी इमारत भाड्यानं मिळाली. भाडं किती? वर्षाला एक डॉलर! संस्थेचं नाव ठेवलं ‘एल सेंत्रो दे ला रासा’. ‘रासा’ म्हणजे वंश, लोक. पण संस्था स्वतः त्याचा अर्थ सांगते तो असा, की हे सगळ्या वंशांच्या लोकांचं केंद्र आहे.

हे नाव नुसतं पाटीवर राहिलं नाही. माएस्तास यांचे तीन जिवलग सोबती होते : मूळनिवासी समाजाचे बर्नी व्हाइटबेअर, आशियाई वस्तीचे बॉब सांतोस आणि कृष्णवर्णीयांचे लॅरी गॉसेट. चौघं एकमेकांच्या लढ्यात उभे राहायचे. लोक त्यांना ‘चौघांची टोळी’ म्हणायचे. वाटा कमी असला की गरिबागरिबांत भांडणं लागतात, असं आपण नेहमी बघतो. या चौघांनी ते होऊ दिलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

केंद्रातल्या बालवाडीला नाव दिलं क्यूबाचे कवी होसे मार्ती यांचं. या मार्तींनी १८८९ मध्ये न्यूयॉर्कला राहून स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांसाठी एक मासिक काढलं होतं. जेमतेम चार अंक निघाले, पण परदेशात बसून आपल्या भाषेतल्या मुलांची आठवण ठेवणारा माणूस तो. म्हणून नाव किती योग्य! इथं मुलं स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्हींतून शिकतात. घरी मराठी आणि कचेरीत कन्नड अशा दोन काठांवर राहणाऱ्या आपण सीमाभागातल्या बायकांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. आईची भाषा शाळेत कमीपणाची ठरली, की मूल हळूहळू आईशी बोलायचंच कमी होतं. आणि आईचं काय? मूल सांभाळायला कुणी असेल तरच तिला वर्गात बसता येतं, कामाला जाता येतं. मोठ्यांच्या इंग्रजीच्या वर्गासाठी सुरू झालेल्या लढ्याला बालवाडीची जोड मिळाली, ती मला म्हणूनच स्वाभाविक वाटते. गरजूंसाठी धान्य, मुलांसाठी वर्ग, घराच्या अडचणीत सल्ला, अशी कामं एकेक करून वाढत गेली.

माएस्तास २०१० मध्ये गेले. त्याच्या आदल्या वर्षी कामाची धुरा एस्तेला ओर्तेगा यांच्याकडे आली होती. त्या माएस्तास यांच्या पत्नी, पण चळवळीतल्या स्वतःच्या बळावर उभ्या राहिलेल्या.

२००९ मध्येच केंद्राच्या अगदी शेजारी लोकल रेल्वेचं स्टेशन झालं. स्टेशन आलं की जागेचे भाव चढतात. ज्यांनी वस्ती जगवली, त्यांनाच ती परवडेनाशी होते. पुण्या-बंगळुरात हेच चाललंय ना? केंद्रानं आपल्या आवारालगत ११२ घरं बांधली, बेताच्या मिळकतीच्या कुटुंबांना परवडतील अशी. २०१६ मध्ये माणसं राहायला आली. खाली बालवाडीचे नवे वर्ग, वर बिऱ्हाडं. चौकाला माएस्तास यांचं नाव आहे.

मैत्रिणींनो, आपल्या गावातही कुणी ना कुणी परक्या मुलखातून आलेलं असतं. बांधकामावर, भट्टीवर, आपल्याच धुण्याभांड्यांना. त्यांची मुलं दिवसभर कुठं असतात, कुठल्या भाषेत शिकतात, हे आपण कधी विचारतो का? आणि ओस पडलेली खोली, दुपारी रिकामं असणारं सभागृह तर प्रत्येक गावात असतं. किल्ली बहुधा आपल्यातल्याच कुणाकडे असते.