टिकेल, हे कशावरून?

तत्त्वज्ञानाचा माणूस सौर सेलवर काय बोलणार, असं काहींना वाटेल. पण प्रश्न आमच्याच प्रांतातला आहे. एखादी वस्तू टिकेल, हे आज कशावरून म्हणायचं?

पेरोव्स्काइट हे मूळ एका खनिजाचं नाव. १८३९ मध्ये गुस्ताव रोझ यांनी उरल पर्वतातल्या नमुन्यावरून त्याचं वर्णन केलं. तशीच स्फटिकरचना असलेली शिशाची संयुगं २००९ मध्ये योकोहामातल्या कोजिमा आणि मियासाका यांच्या गटाने सौर सेलमध्ये वापरली. कार्यक्षमता ३.८ टक्के. आणि आयुष्य? सेलमधल्या द्रवातच ती विरघळायची. काही मिनिटांत खेळ खलास.

२०१२ मध्ये पार्क आणि ग्रेट्झेल यांनी द्रवाऐवजी घन थर वापरला. कार्यक्षमता ९.७ टक्के, टिकाव ५०० तास. पण बघा हं, ते ५०० तास सेल हवेत नुसते ठेवलेले होते, उन्हात राबवलेले नव्हते. २०१४ मध्ये चीनमधल्या वूहानच्या गटाने कार्बनचा थर वापरला आणि पूर्ण प्रकाशात १,००० तासांचा पल्ला ओलांडला. म्हणजे 'तास' हा शब्द एकच, अर्थ मात्र दोन!

आता सिलिकॉन पॅनेलला पंचवीस वर्षांची हमी मिळते. ते झाले सुमारे २,१९,००० तास. त्याची एक प्रमाण चाचणी आहे : ८५ अंश उष्णता, ८५ टक्के आर्द्रता, १,००० तास, तेही अंधारात. एवढ्यावरून पंचवीस वर्षांचं अनुमान कसं निघतं? कारण पाठीशी अनेक दशकांचा छपरावरचा अनुभव आहे. आपले नैयायिक म्हणतील, इथे व्याप्ती बसलेली आहे. धूर आणि अग्नी पुष्कळदा एकत्र पाहिल्यावरच धुरावरून अग्नी सांगता येतो.

पेरोव्स्काइटच्या पाठीशी तो अनुभव अजून नाही. शिवाय त्याची मोडतोड वेगळी. ओलाव्याने काळा थर पिवळा पडतो, प्रकाशात आतले आयन सरकतात, आणि काही सेल रात्रीच्या अंधारात थोडे सावरतातसुद्धा. मग जुनी चाचणी जशीच्या तशी कशी लावायची?

म्हणून २०२० मध्ये अनेक संशोधकांनी मिळून ठरवलं, की टिकाऊपणाचा आकडा देताना प्रकाश, उष्णता, आर्द्रता, विद्युतभार हे सगळं सांगायचं. मला तर कार्यक्षमतेच्या विक्रमांपेक्षा ही गोष्ट मोठी वाटते. नुसता आकडा म्हणजे ज्ञान नव्हे. तो कोणत्या परिस्थितीत खरा, हे कळलं की ज्ञान.

तेव्हा पुढच्या वेळी 'हजार तास टिकला' असं वाचलंत, तर एवढंच विचारा : उन्हात, की कपाटात?