गरम पाण्याने बंदूक धुणे

१. लेखकाने चकमकीनंतर रायफलीच्या नळीत उकळते पाणी ओतल्याचे लिहिले आहे, ते खरेच आहे. १९४७-४८मध्ये नांदेड-लातूर भागात (लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते) रझाकारांशी झुंजणाऱ्या तरुणांच्या हाती बहुधा ठासणीच्या बंदुका असत, थ्री-नॉट-थ्री एखाद-दुसरी. त्या काळच्या काडतुसाच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की त्याचा क्षार नळीत उरे आणि मिठासारखा हवेतला ओलावा ओढी. तो तेलात विरघळत नाही, पाण्यातच विरघळतो. म्हणून आधी पाणी, मग कोरडी चिंधी, शेवटी तेल. पावसाळ्यात यात हयगय झाली की नळीला गंज धरलाच.

साहित्य रायफलीच्या दस्त्यातच ठेवलेले असे: तेलाची कुपी आणि ‘पुलथ्रू’, म्हणजे एका टोकाला पितळी वजन नि दुसऱ्या टोकाला फ्लॅनेलची चिंधी अडकवायची दोरी. ती धुळीने माखलेली असली आणि तिरकी ओढली, तर नळीच्या तोंडाची कडा एका बाजूने खाते. गोळी नळी सोडते ती तिथेच, त्यामुळे नेम बिघडतो. चेंबरपुढची झीज निराळी. ती कॉर्डाइटच्या तप्त वायूंनी होते आणि तिला हजारो बार लागतात. इथे काडतुसेच मोजकी! तेव्हा पुढच्या पानावर ‘डावीकडे मारणाऱ्या’ रायफलीची तक्रार येते, तिथे आमचा संशय दोरीवर, फार तर सरकलेल्या माशीवर आहे.
—संपादक