जुन्या ट्रॅक्टरचा टेंपरेचर काटा नेमकं काय मोजतो?

मुळशीत चिखलणी चालू झाली की जुने ट्रॅक्टर तापायला लागतात. केजव्हील लावलेलं, गिअर पहिला नाहीतर दुसरा, इंजिनावर पूर्ण ताण आणि समोरून वारा नाही. रेडिएटरच्या जाळीत चिखल नि काडीकचरा अडकलेला. मग चालवणाऱ्याचा सगळा भरवसा त्या टेंपरेचर काट्यावर. तो काटा आला कुठून, हे बघण्यासारखं आहे.

सुरुवातीच्या मोटारींना काटाच नसायचा. फोर्डची मॉडेल टी १९०८ साली आली. तिच्या बहुतेक गाड्यांत पाण्याचा पंपही नव्हता. गरम पाणी आपसूक वर चढायचं, रेडिएटरमध्ये गार होऊन खाली उतरायचं. इंजिन तापलं हे झाकणातून वाफ सुटली की कळायचं. १९१२ च्या सुमारास अमेरिकेत हॅरिसन बॉइस यांनी मोटोमीटर काढला. रेडिएटरच्या झाकणावरच थर्मामीटर बसवलेला, ड्रायव्हरनं काचेतून समोर बघायचं. तो पाण्याचं नाही, तर पाण्यावरच्या वाफेचं तापमान दाखवायचा.

पुढं काटा डॅशबोर्डवर आला. इंजिनच्या पाण्यात एक बल्ब बुडवलेला, त्यात ईथरसारखं लवकर उकळणारं द्रव. पाणी तापलं की त्याची वाफ दाबानं बारीक तांब्याच्या नळीतून गेजपर्यंत जाते, तिथली वाकडी पोकळ पट्टी सरळ व्हायला बघते आणि काटा फिरतो. ना बॅटरी ना वायर. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपवर हीच रचना होती. १९६३ साली महिंद्रा, व्होल्टास आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून मुंबईत ट्रॅक्टरची कंपनी काढली. तिच्या जुन्या बी-२७५ ट्रॅक्टरवरही असा नळीचा गेज बघायला मिळतो.

आता यातली खोच. हा काटा इंजिनचं तापमान सांगत नाही, बल्बभोवतीच्या पाण्याचं सांगतो. होजपाईप फुटून पाणी गेलं की बल्ब कोरडा पडतो. हेड तापून लाल व्हायच्या बेतात असतं आणि काटा मात्र खाली येऊ शकतो. नळी कुठं तुटली तर काटा कायमचा गार दाखवत बसतो. म्हणून चिखलणीत काटा एकदम खाली आला तर खुश होऊ नका, आधी इंजिन बंद करा. आणि तापलेल्या हेडवर गार पाणी ओतायचं नाही, तडा जातो.

आपल्याकडं बऱ्याच शेतकऱ्यांना ही ओळख ट्रॅक्टरच्या आधी विहिरीवरच्या इंजिनानं करून दिली. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली पुण्यात उभी राहिली. पाण्यावर गार होणाऱ्या इंजिनाला पंपाच्याच पाण्याची एक बारीक नळी फिरवलेली असायची. बाहेर पडणाऱ्या धारेखाली हात धरायचा, तोच गेज. माझ्या मते हा हात काट्यापेक्षा एका बाबतीत सरस, कारण पाणी चालू आहे की नाही हेही त्यातच कळतं. पण धार जितकी गार तितकं इंजिन सुखी, हा समज तिथूनच पसरला असावा. इंजिन फार गार राहिलं की आत ओलावा धरतो, डिझेलमधल्या गंधकाशी मिळून त्याचं आम्ल होतं आणि बोअर झिजतो. अजूनही काही मिस्त्री ‘गरम होतंय ना?’ म्हणत थर्मोस्टॅट काढून फेकतात. मला ते पटत नाही.

जुना गेज खरा का खोटा, हे घरी बघता येतं. थंड इंजिनमधून बल्ब नळीला पीळ न देता काढायचा आणि चुलीवर उकळत्या पाण्यात धरायचा. समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर पाणी १०० ला नाही, ९८ अंशांच्या आसपास उकळतं. काटा तिथं आला तर ठीक. ११० दाखवत असेल तर बारा अंश वजा करून वाचायचं, किंवा गेज बदलायचा.