बर्फावरची चाके

वाचकहो, गेल्या पौषातली गोष्ट सांगतो. सकाळी साडेसातचा माझा तास. पहिल्या बाकावर एक मुलगा हाताच्या ओंजळीत फुंकर घालीत बसला होता. निफाडकडच्या एका खेड्यातून तो रोज सायकलने येत असे. त्या पहाटे आमच्याकडे पारा पाच अंशांवर उतरला होता आणि द्राक्षबागा वाचवण्यासाठी शेतकऱ्यांनी बांधाबांधावर शेकोट्या पेटवल्या होत्या. मी सहज म्हटले, "अरे, इतक्या थंडीत सायकल कशाला? एस. टी. नाही का?" तो हसला आणि म्हणाला, "थंडीचं काही नाही, सर. पण मला सांगा, जिथं बर्फ पडतो तिथली माणसं काय करत असतील? चार महिने सायकली टांगून ठेवत असतील?"

मी इतिहासाचा प्राध्यापक. लढाया, तह, राज्याभिषेक यांच्या सनावळ्या मला तोंडपाठ. पण या साध्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधण्यात माझा तो हिवाळा गेला. जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम आपल्या नेहमीच्या सायकलची जन्मकथा दोन वाक्यांत सांगून टाकू. सारख्या आकाराची दोन चाके आणि मागच्या चाकाला साखळी, अशी सायकल १८८५ साली इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने बाजारात आणली. पुढे तीनच वर्षांनी, १८८८ मध्ये, बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप याने तिच्यासाठी हवा भरलेल्या रबरी टायरचे पेटंट घेतले. हा टायर आला आणि सायकल हाडे खिळखिळी करणारी राहिली नाही. आपल्या कथेचा नायकही हा टायरच आहे, हे ध्यानात असू द्या.

आता चला अलास्कात. १८९६ च्या ऑगस्टमध्ये कॅनडाच्या युकॉन प्रदेशात, क्लोंडाइक नदीच्या परिसरात सोने सापडले. जगभरची माणसे तिकडे धावली आणि डॉसन नावाचे गाव रातोरात उभे राहिले. पण सोने सर्वांच्या नशिबी थोडेच असते! चांगल्या जागा आधी आलेल्यांनी बळकावल्या होत्या. तेवढ्यात बातमी आली की पार पश्चिमेला, बेरिंग समुद्राच्या काठी, नोम येथे समुद्रकिनाऱ्याच्या वाळूतच सोने आहे. डॉसनची हजारो माणसे पुन्हा अस्वस्थ झाली. परंतु नोम सुमारे हजार मैल दूर, म्हणजे जवळजवळ सोळाशे किलोमीटर. मध्ये ना सडक, ना रेल्वे. उन्हाळ्यात युकॉन नदीतून आगबोटी जात. हिवाळ्यात ती नदीच गोठून रस्ता होई. त्या रस्त्यावरून जायचे तर कुत्र्यांची गाडी हवी. कुत्री महाग, आणि त्यांना रोज खाऊ घालावे लागे ते वेगळेच. ज्याच्या खिशात तेवढे पैसे नाहीत, त्याने पायी जावे.

अशा वेळी एड जेसन नावाच्या एका तरुणाने १९०० सालच्या फेब्रुवारीत डॉसनच्या दुकानातून चक्क सायकल विकत घेतली. किंमत दीडशे डॉलर. त्या काळी ही रक्कम लहान नव्हे. पण सायकलला चारा लागत नाही, मुक्कामी पोचल्यावर तिच्यासाठी चूल पेटवावी लागत नाही, हा त्याचा हिशेब. काही दिवस त्याने बर्फावर सराव केला, पुष्कळदा पडला. गावकऱ्यांची चांगली करमणूक झाली म्हणायची! मग २२ फेब्रुवारीला तो निघाला.

कुत्र्यांच्या घसरगाड्यांनी नदीवरचा बर्फ दाबून एक अरुंद पट्टी घट्ट करून ठेवलेली असे. तेवढी पट्टी हीच त्याची सडक. चाक तिच्यावरून जरा ढळले की भुसभुशीत बर्फात रुतलेच म्हणून समजा. थंडी तर उणे ४० च्याही खाली. अशा थंडीत रबर लवचीक राहत नाही, लाकडासारखे ताठ होते. चाकाच्या आतले तेल गोठून घट्ट होते आणि चाक फिरेनासे होते. अशा दिवशी मुक्कामाला थांबून राहण्यावाचून इलाज नसे. तरीही सुमारे पाच आठवड्यांत, मार्चअखेर, जेसन नोमला पोचला.

त्याच्या मागोमाग, २ मार्चला, मॅक्स हर्शबर्ग हा विशीतला मुलगा निघाला. त्याची कथा याहून कठीण. वसंत लागत चालला होता आणि बर्फ पातळ होऊ लागला होता. वाटेत एका नदीवरचा बर्फ फुटून तो पाण्यात पडला आणि जेमतेम वाचला. नोम दृष्टीच्या टप्प्यात येते न येते तोच सायकलची साखळी तुटली. आता काय करावे? गड्याने अंगातला जाड कोट काढला आणि काठीच्या आधाराने शिडासारखा पाठीमागे ताणला. वारा मागून होता. गोठलेल्या समुद्रावरून ती बिनसाखळीची सायकल होडीसारखी वाऱ्यावर निघाली! १९ मे रोजी, अकरा आठवड्यांनी, तो नोमला पोचला.

वाचकहो, गोष्ट रंगतदार आहे यात शंका नाही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिथेच थांबून चालत नाही. ही माणसे पोचली ती कशाच्या जोरावर? धाडसाच्या जोरावर, हे खरेच. पण त्याहून महत्त्वाची होती ती बर्फावरची दाबलेली पट्टी. ती पट्टी त्यांनी केली नव्हती. तिथल्या मूळ रहिवाशांच्या हिवाळी वाटा, टपालवाल्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या कुत्रागाड्या, यांनी ती घडवली होती. म्हणजे चाकाच्या आधी वाट होती. हा मुद्दा मनात ठेवून आपण पाऊण शतक पुढे जाऊ.

ज्या सायकलला आज आपण माउंटन बाईक म्हणतो, ती खरे म्हणजे बर्फासाठी जन्मलीच नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॅरिन परगण्यात टामलपाइस नावाचा डोंगर आहे. १९७० नंतरच्या काळात तिथली काही उनाड मंडळी १९३० व १९४० च्या दशकांतल्या, जाड टायरांच्या, भंगारात निघालेल्या सायकली घेऊन मातीच्या उतारावरून सुसाट खाली येत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी रीतसर शर्यतच लावली. सुमारे दोन मैलांची वाट आणि तेराशे फुटांचा उतार. खाली येईपर्यंत मागच्या चाकातला ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि ते नव्याने भरावे लागे. म्हणून त्या शर्यतीचे नावच पडले 'रीपॅक', म्हणजे पुन्हा भरा!

या खेळातून धंदा निघाला. जो ब्रीझ याने १९७७ मध्ये डोंगरासाठी खास सांगाडा बनवला. गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी १९७९ मध्ये अशा सायकलींचे दुकान थाटले. त्यांचे सांगाडे टॉम रिची तयार करून देई. १९८१ मध्ये 'स्टंपजंपर' ही सायकल कारखान्यातून मोठ्या संख्येने निघू लागली. जाड टायर, मजबूत सांगाडा, चढासाठी अनेक गिअर आणि भक्कम ब्रेक, असा हा संच जगभर पसरला. आणि गंमत अशी की तो शहरांतल्या नोकरदारांच्याही पसंतीस उतरला. खड्डे, चिखल, हिवाळ्यातला निसरडा रस्ता, सगळ्याला ही सायकल पुरून उरे. रविवारी डोंगरावर हौस, सोमवारी तिच्यावरच कचेरी!

तथापि खऱ्या बर्फाने या सायकललाही दमवले. १९८७ मध्ये अलास्कात, कुत्रागाड्यांच्या प्रसिद्ध इडिटरॉड वाटेवर, सायकलस्वारांची दोनशे मैलांची हिवाळी शर्यत झाली. पुष्कळ ठिकाणी स्पर्धकांवर सायकल ढकलत चालण्याची पाळी आली. कारण उघड आहे. दोन इंचांचा टायर भुसभुशीत बर्फात रुततो. उंटाचा पाय वाळूत का रुतत नाही? तर तो पसरट असतो. वजन तेवढेच, पण ते अधिक जागेवर वाटले जाते. अलास्कातल्या कारागिरांनी हेच केले. कोणी दोन रिमा शेजारी ठेवून एकमेकींना जोडल्या, कोणी ४४ मिलिमीटर रुंदीची रिम काढली. पुढे २००५ मध्ये 'पग्सली' नावाची सायकल आली. तिचे टायर जवळजवळ चार इंच रुंद होते. या टायरांत हवा अगदी कमी ठेवतात, इतकी की अंगठ्याने दाबले तर टायर सहज दबावा. मग तो बर्फावर पोळीसारखा पसरतो आणि तरंगल्यासारखा चालतो. आता त्या इडिटरॉड वाटेवरून हजार मैल जाऊन सायकलस्वार पुन्हा नोम गाठतात. सोने कोणाला नको असते. हौस मात्र जेसन आणि हर्शबर्गच्या तोलाची.

हे झाले बर्फाला दिलेले एक उत्तर: वाट नसेल तर चाक रुंद करा. पण माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न हौशी लोकांचा नव्हता. रोज शाळेत, रोज कामावर जाणाऱ्या माणसाने काय करावे, असे तो विचारीत होता. त्याचे उत्तर अलास्कात नाही. त्यासाठी फिनलंडला जायला हवे.

फिनलंडच्या उत्तरेकडे ओउलू नावाचे शहर आहे. वस्ती सुमारे दोन लाख. ते ६५ अक्षांशावर आहे. डिसेंबरात तिथे दिवस कसाबसा साडेतीन तासांचा असतो. नोव्हेंबरापासून मार्च-एप्रिलपर्यंत जमिनीवर बर्फ. आणि तरीही त्या शहरात भर हिवाळ्यात मुले सायकलींवरून शाळेत जातात, म्हाताऱ्या बायका सायकलवरून बाजार करतात. उणे पंधरा अंशांत शाळेपुढे सायकलींची रांग उभी असते! त्यांच्या सायकली पाहाल तर साध्या, जुन्या. फार तर टायरला कठीण धातूचे बारीक खिळे बसवलेले, निसरड्या बर्फात रुतून धरणारे.

यातली किमया सायकलीत नाही, वाटेत आहे. १९७० च्या सुमारास तिथल्या नगररचनाकारांनी सायकलींसाठी मोटाररस्त्यापासून वेगळ्या वाटा आखायला घेतल्या. मोठे रस्ते ओलांडायला खालून बोगदे केले. आज या वाटांची लांबी नऊशे किलोमीटरांच्या वर आहे. रात्री बर्फ पडला की मुख्य सायकलवाटा सकाळी सात वाजण्यापूर्वी साफ करण्याचा दंडक आहे. साफ म्हणजे खरवडून काळ्या करीत नाहीत, बरे का! बर्फाचा पातळ, घट्ट थर तसाच ठेवतात, त्यावर दातेरी पात्याने रेघा ओढतात आणि बारीक खडी पसरतात. मीठ शक्यतो टाळतात, कारण मिठाने बर्फाचा चिखल होतो आणि साखळीला गंज चढतो. तिथले लोक सांगतात की उणे पंधरा अंशांचा कोरडा, दाबलेला बर्फ भीतीचा नाही. भीती वाटते ती शून्याच्या आसपासच्या दिवसांची. दुपारी वितळलेले पाणी रात्री गोठते आणि सकाळी आरशासारखे होते. २०१३ मध्ये हिवाळी सायकलिंगची पहिली परिषद याच शहरात भरली, हे योग्यच झाले.

आता दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून पाहा. जेसनने दुसऱ्यांनी दाबलेली वाट वापरली. अलास्कातल्या कारागिरांनी वाट नसताना चालणारे चाक शोधले. ते मोठे कौशल्याचे काम. पण ते चाक महाग, आणि साफ रस्त्यावर जड जाते. ओउलूने मात्र वाट ही गावाची जबाबदारी मानली. म्हणून तिथे हिवाळ्यात सायकल चालवायला ना धाडस लागते, ना फार पैसा. जे काम एकट्याने केले तर पराक्रम ठरते, ते सर्वांनी मिळून केले की रोजचा व्यवहार होतो.

आपल्याकडे बर्फ नाही. पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. तिथली सायकल काही थंडीने गेली नाही. आमच्या लहान गावातूनही ती ओसरली आहे, आणि थंडी तर पूर्वी होती तेवढीच आहे.

हे सगळे मी त्या मुलाला सांगायचे ठरवले होते. नोंदी काढून, नकाशा घेऊन एके दिवशी वर्गात गेलो. तो बाकावर होता, पण त्याच्या हाती त्या दिवशी एस. टी.चा पास होता. मी विचारले, "काय रे, शेवटी थंडीने हरवलंच का तुला?" तो म्हणाला, "नाही सर. पहाटे अंधारात उसाच्या ट्रॉल्या येतात, मागं दिवा नसतो. परवा एकीनं मला रस्त्याखाली घातलं. आई म्हणाली, सायकल बंद." त्याच्या कोपराला पट्टी होती.

मी त्याला ओउलूची गोष्ट सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाला, "म्हणजे सर, तिथं सकाळी सातच्या आत वाट साफ करायला कोणीतरी उठतं."

इतक्या दिवसांच्या माझ्या वाचनाचे सार त्याने एका वाक्यात सांगितले होते. वाचकहो, आपल्या गावातही शाळेच्या वाटेवर एक दिवा लावणे, कडेची चार फूट जागा मोकळी ठेवणे, ट्रॉलीच्या मागे तांबडी काच बसवणे, ही कामे बर्फ उपसण्याइतकी अवघड नाहीत. त्या मुलाची सायकल अजून घराच्या पडवीत भिंतीला टेकून उभी आहे. टायरमधली हवा मात्र गेली आहे.