आंबागडाच्या वाटेवरचा खेळ

मी भंडारा जिल्ह्यात उर्दू आणि मराठी शिकवते. मुलं मोबाइलमध्ये मान घालून बसली की मलाही राग येतो. पण गेल्या हिवाळ्यात याच मोबाइलने मला एक धडा दिला.

आठवीच्या मुलांना तुमसर तालुक्यातला आंबागड किल्ला दाखवायचा होता. नुसती सहल काढली की डबे संपतात, फोटो निघतात आणि गाडी परत फिरते. म्हणून खेळ केला. पाच गट, गटाला एक मोबाइल. कोडं सोडवायचं, ती जागा शोधून तिचा फोटो मला दाखवायचा, की पुढचं कोडं मिळणार.

ही कल्पना माझी नाही. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसची मुद्दाम कमी ठेवलेली अचूकता सर्वांसाठी खुली केली. दुसऱ्याच दिवशी ओरेगन राज्यात एकाने रानात वस्तू भरलेली बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. त्यातून ‘जिओकॅशिंग’ हा शोधाशोधीचा खेळ जगभर पसरला. २०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ आला. त्यातली अनेक ठिकाणं ‘इन्ग्रेस’ या आधीच्या खेळातून घेतलेली होती. पुतळे, जुन्या इमारती, प्रार्थनास्थळं यांचे फोटो आणि नावं खेळणाऱ्यांनीच पाठवली होती. म्हणजे जिथून कुणी पाठवलं नाही, तिथला नकाशा कोराच राहणार, मग तिथे तीनशे वर्षांचा किल्ला का असेना!

गडावर माझा प्रश्न होता, ‘हा किल्ला कोणी बांधला?’ उत्तर ठरलेलं होतं: राजा खान पठाण, १७०० च्या सुमारास. एका गटाने लिहिलं, ‘गोंड राजाने.’ मी गुण कापले. तेवढ्यात माझा एक विद्यार्थी ओरडला, “म्हणजे किल्ला आपला!” शेजारच्या गटातला गोंड मुलगा गप्प झाला.

चूक माझ्या प्रश्नात होती. राजा खान हा देवगडच्या बख्त बुलंद शाहचा सुभेदार. बख्त बुलंद गोंड राजा. औरंगजेबाच्या काळात त्याने इस्लाम स्वीकारला. नागपूर शहराचा पाया घालणारा तोच. मग किल्ला गोंडांचा की मुसलमानांचा? हा प्रश्न इतिहासाचा नाही, आपल्या आजच्या भांडणाचा आहे. पुढे भोसल्यांनी गडाचा तुरुंग केला, म्हणजे तिथल्या कैद्यांनाही या कहाणीत जागा हवी.

मी कापलेले गुण परत दिले आणि प्रश्न बदलला: ‘या किल्ल्याच्या कहाणीत कोण कोण आहेत?’ सगळे सापडले तरच पूर्ण गुण. आता गट एकमेकांना विचारू लागले. कैद्यांना इथल्या विहिरीचं विषारी पाणी पाजत, अशी एक गोष्ट सांगतात. मुलांना तीच सर्वांत आवडली. ती खेळात ठेवली, पण तिच्यापुढे ‘दंतकथा’ असं लिहायला लावलं. खेळात थरार हवा, पण त्यासाठी ऐकीव गोष्ट खरी ठरवायची नाही.

पुढचा मुक्काम पवनी. तिथल्या जगन्नाथ टेकडीत १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूप सापडला. वर नाव जगन्नाथाचं, पोटात स्तूप! यापेक्षा चांगलं कोडं मी कुठून आणू?

वाचकहो, तुमच्याही गावात एखादी पडकी वेस, बारव किंवा जुनी मशीद असेल. तिचा फोटो आणि चार खऱ्या ओळी नकाशावर टाका. कबरस्तान आणि प्रार्थनेची जागा मात्र खेळापासून दूर ठेवा. तिथला अदब आधी. आणि लिहिताना ‘आमचं’ या शब्दापाशी थोडं थांबा. त्या कहाणीत आणखी कोण कोण आहे, ते शोधा. खेळातला खरा खजिना तोच आहे.