वयोगट नियम, शालेय फुटबॉल (यवतमाळ जिल्हा)

खेळाडू कोणत्या गटात खेळेल हे जन्मतारखेवरून ठरवणारे नियम. राज्याच्या शालेय क्रीडा स्पर्धांत १४, १७ व १९ वर्षांखालील गट असतात. यवतमाळचा विजेता संघ पुढे अमरावती विभागात उतरतो. वय मोजले जाते जानेवारी ते डिसेंबर, विदर्भातील शाळा मात्र जूनअखेरीस उघडतात. त्यामुळे एका बाकावरचे मित्र वेगवेगळ्या गटांत जातात. जानेवारीत जन्मलेल्या मुलाला त्याच वर्षीच्या डिसेंबरमधल्या मुलापेक्षा जवळपास वर्षभराची वाढ जास्त मिळालेली असते. तेराव्या-चौदाव्या वर्षी हे अंतर उंची, वेग, ताकद सगळ्यांत दिसते, आणि लहान चणीचा चांगला खेळाडू निवडीतच मागे पडतो. हा खरा अन्याय आहे.

१९६० पासून चालणाऱ्या सुब्रतो चषक या आंतरशालेय फुटबॉल स्पर्धेने २०२४ मध्ये सब-ज्युनिअर गट १४ वरून १५ वर्षांखालील केला. राज्याच्या शालेय स्पर्धांतील गट मात्र १४ चाच राहिला. एका शाळेला आता दोन वेगळ्या याद्या जुळवाव्या लागतात. पुसद, उमरखेड, वणीकडच्या पालकांवर जन्मदाखला, आधार व शाळेच्या नोंदीतील तारीख एकसारखी ठेवण्याचा भार येतो. अमेरिकेतील प्रमुख युवा फुटबॉल संघटना मात्र वयोगटांसाठी २०२६-२७ पासून १ ऑगस्टची, शालेय वर्षाला जवळची, तारीख स्वीकारत आहेत.